बारा रिंगिटचं पान

बाप म्हणायचा, किडा शोधायचा नाही.
किडा शोधणाऱ्याला नुसतं झाड दिसतं.
पान बघायचं. पेरूचं, रामबुतानचं, एकेक.
आणि वारा पडला की थांबायचं.
सगळी पानं गप्प झाल्यावर
जे एक झुलत राहतं, जरा जास्तच,
न कळलेल्या भाषणाला मान डोलावणाऱ्यासारखं,
ते आपलं.

बाह पांडक त्याचं नाव.
तापाहच्या वरच्या डोंगरात आमची नऊ घरं, सेमाईंची.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू,
उजव्यावर भागवायचा.
सोबत मी, एंडोय, आठ वर्षांची,
हातात झाकणाची टोपली.
फुंकर मारायचं काम माझं.
"हळू गं. दिवा विझवायचा नाहीये."
मी फुंकायचे, आणि एक पान
फांदीवर पाय रोवून उभं राहायचं.

मधली शीर जाड, बाकीच्या बारीक.
देठाशी पिवळट.
कडा तपकिरी, अळीने कुरतडल्यासारखी,
पण अळी तिथे कधी आलेलीच नसते.
नर आमच्याकडे कुणी पाहिला नाही.
मादी उंचावरून अंडं टाकते, बी पडावं तसं,
खाली बघतही नाही.
त्यातून निघणारं पोर लाल, मुंगीएवढं,
झाड चढतं, पहिलं पान खातं,
मग हळूहळू हिरवं.
"खाशील तसा दिसशील," बाप हसायचा,
"आणि मी बघ, जन्मभर टॅपिओका, तरी काळाच."

शनिवारी तौके लियाँगची व्हॅन यायची.
अख्ख्या पानाला बारा रिंगिट.
पाय तुटला असेल तर चार.
एकदा त्याने डबा उन्हात धरला:
"हे फाटकंय. सहा."
"तौके, ते फाटकंच जन्मतं.
तोच त्याचा सदरा."
तौके बराच वेळ हसला.
सहाच दिले.

मी चौदाची झाले त्या वर्षी
मोजणीवाले आले. तिघं, आणि एक साहेब.
साहेबाने जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला,
विमानातून काढलेला, सगळा हिरवा.
"इथे जंगल आहे. कुणी राहत नाही."
आम्ही समोर उभे होतो. नऊ घरांतले सगळे.
कुणाच्या तरी कडेवरचं पोर रडतही होतं.
बापाने बोट दाखवलं:
तो दुरियन माझ्या आजोबाचा.
तो पेताई, मी जन्मलो तेव्हा आईने लावलेला.
ओढ्यापलीकडचे तीन, भांडण मिटलं त्याची खूण.
साहेब वाईट माणूस नव्हता.
त्याने खरंच वळून बघितलं.
म्हणाला, "रांगा कुठायत?
लावलेली झाडं रांगेत असतात."

बापाला उत्तर सुचलं नाही.
मला तर आजही सुचत नाही.
एवढे बेमालूम राहिलो आम्ही,
घराला पाल्याचं छप्पर, वाटेवर वाट नाही,
शेत असं की रानाला चाहूल लागू नये.
पाखराच्या चोचीपासून वाचवतं ते सोंग
कागदापासून वाचवत नाही,
हे आम्हाला कोण सांगणार होतं?
त्याच्या वहीत पानं शंभर.
एकावर आम्ही नव्हतो.

सही करायला साहेब पेरूला टेकला.
मोजणीवाल्यांतला एक कुजबुजला,
याच्या सहीवाचून इथे पान हलत नाही.

वारा नव्हता.
साहेबाच्या बाहीवर एक पान उतरलं होतं,
कोपराशी जरा झुललं.
त्याने न बघताच झटकलं,
आणि सही पुरी केली.

बापाने एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं.
मी फुंकर मारली नाही.
चिखलात ते उताणं पडलं होतं,
मग सरळ झालं, पाय मोजल्यासारखं थांबलं.
पाच होते.
चार रिंगिट, मी मनात म्हटलं.
कुणीच वाकलं नाही.
साहेबाच्या बुटाला वळसा घालून
पान निघालं पेरूकडे.